भिंत उभी राहण्याआधी घरातून एक फेरी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी आणि परिसर हादरला. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, गावे दमून झोपली होती. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि त्यांवरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. हा इतिहास मराठवाड्यात पोरांनाही ठाऊक आहे. त्यानंतर जी नवी घरे बांधली गेली, त्यांच्याबद्दल मात्र फार बोलले जात नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसवायची ठरली. घराचे आकारमान जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यापुढच्यांना ७५०. भिंती मजबूत, छत पक्के, रस्ते रुंद आणि सरळ. पुन्हा भूकंप आला तर माणूस मरू नये, या एका कसोटीवर पाहिले तर हे काम मोठेच होते.

पण घर भूकंपाच्या रात्रीपुरते नसते. जुन्या घरात ढाळज होती, तिथे पाहुणा टेकायचा आणि जनावरही बांधले जायचे. आत चौक होता. धान्याला बळद होते, भिंतीत दिवळ्या होत्या. घर खणांत मोजले जायचे. भाऊ वेगळे झाले तर खण वाटून घ्यायचे, वाडा एकच राहायचा. नव्या वसाहतीत प्रत्येकाला सुटा प्लॉट आणि मधोमध चौकोनी घर मिळाले. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बायकांनी उघड्यावर न येता दारापुढे कुठे बसायचे, याचे उत्तर नकाशात नव्हते. आत बांधलेल्या संडासाचा उपयोग अनेक ठिकाणी सरपण आणि सामान ठेवायला झाला. औसा तालुक्यातच गुबाळ येथे घुमटाकार घरे उभी राहिली. भूकंपाला तोंड देण्याच्या दृष्टीने घुमट चांगला. पण गोल भिंतीला कपाट नीट टेकत नाही आणि बाज लावली की मागे फुकटची जागा अडते. हे समजायला अभियंता लागत नाही, आत एक दिवस राहावे लागते.

मग लोकांनी जे करायचे ते केले. घराला पत्र्याची शेड जोडली, ओटा वाढवला, आडोशाच्या भिंती घातल्या. त्यातल्या कित्येक भिंती जुन्या गावातून आणलेल्या दगडांच्या होत्या आणि मातीतच रचलेल्या. वारसा-संवर्धन आणि आपत्ती व्यवस्थापनाचे अभ्यासक रोहित जिग्यासू यांनी या भागातील गावांचा अभ्यास करून २००२ च्या आपल्या प्रबंधात हा धोका दाखवून दिला होता. भूकंपरोधक घराला चिकटून पुन्हा भूकंपात पडणारी भिंत उभी राहते, ती माणसे बेफिकीर आहेत म्हणून नव्हे. मूळ घरात त्यांचा दिवस मावत नव्हता, म्हणून.

लोकांना विचारलेच नव्हते, असे म्हणणे अन्याय होईल. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या संस्थांवर लोकसहभागाचे काम सोपवले होते. बैठका झाल्या, समित्या झाल्या, नकाशे झाले. अडचण नकाशातच होती. वरून पाहिलेल्या रेघांतून घराची उंची, उजेड, दारातून दिसणारा रस्ता डोळ्यांपुढे उभा करणे ही शिकून येणारी विद्या आहे. चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईला घर कळते, नकाशा कळेलच असे नाही. कागदाला मान डोलावली म्हणजे घर पसंत पडले, असा अर्थ काढला गेला की फसगत ठरलेली.

आभासी वास्तव, म्हणजे ज्याला आता सगळे व्हीआर म्हणतात, ते तंत्र नेमके या जागी कामाला येते. खेळ आणि सिनेमा यांमुळे ते प्रसिद्ध झाले, पण वस्तू बनवणाऱ्यांनी त्याचा वेगळा उपयोग फार आधीच ओळखला होता. जी वस्तू अजून बनलीच नाही, ती वापरणाऱ्याच्या हाती देऊन पाहण्याचा.

फक्कीपासून हेडसेटपर्यंत

कल्पना परकी नाही. पाया खणण्याआधी गवंडी फक्कीने जमिनीवर घराची आखणी करतो आणि मालक त्या पांढऱ्या रेघांमधून फिरून बघतो. हे खऱ्या मापाचे प्रतिरूपच आहे. फक्कीची एक खोड प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. उघड्या रानात आखलेली खोली हमखास लहान वाटते, मालक घाबरतो आणि फूटभर वाढवायला सांगतो. भिंती चढल्या की तीच खोली पुरेशी वाटू लागते. म्हणजे खऱ्या मापाची आखणी असूनही डोळा फसतो, कारण डोळ्याला भिंत आणि छत हवे असते.

व्हीआर हेडसेट नेमके तेवढे देतो. डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे असतात, प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र मिळते आणि मेंदू त्यातून खोली जाणतो. डोके वळवले, वाकवले, पाऊल टाकले की उपकरणावरचे कॅमेरे ती हालचाल टिपतात आणि चित्र त्याप्रमाणे बदलते. आजच्या हेडसेटमध्ये सेकंदाला ७२ ते १२० वेळा. हे इतक्या वेगाने झाले तरच घर स्थिर उभे आहे आणि आपण त्यात फिरतो आहोत असे वाटते. इथे एक गोष्ट नकाशाला कधीच जमणार नाही अशी होते. पाहणारा आपल्याच डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो. पावणेपाच फुटांच्या आजीला खिडकीची चौकट जिथे दिसायची तिथेच दिसते. उलटेही करता येते. आराखडा करणाऱ्या तरुण अभियंत्याला व्हीलचेअरच्या उंचीवरून तेच स्वयंपाकघर दाखवता येते, आणि वरच्या फळीवरचा डबा किती लांब आहे हे त्याला न सांगता समजते.

इव्हान सदरलँड यांनी डोक्यावर लावायचे पहिले असे यंत्र १९६८ मध्ये तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे, आणि त्यात दिसत असे ते फक्त रेघांचे सांगाडे. घराच्या दृष्टीने खरी गोष्ट घडली ती १९८० च्या दशकात, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल नावाची नवी इमारत व्हायची होती. फ्रेड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या न झालेल्या इमारतीचे संगणकी प्रतिरूप केले आणि त्यात फिरण्याची सोय केली. फिरताना लक्षात आले की दर्शनी भागातली एक आडभिंत जागा कोंडल्यासारखी करते. वास्तुविशारदांना ते पटेना. त्यांनाही त्या आभासी इमारतीत फिरवले, आणि भिंत सरकवली गेली. जो वाद कागदावर सुटत नव्हता, तो फिरून पाहिल्यावर संपला. इमारत १९८७ मध्ये पूर्ण झाली, सरकवलेल्या भिंतीसह.

१९९०-९१ च्या सुमारास टोकियोच्या शिंजुकू भागात मात्सुशिता कंपनीने याच तंत्राचे दुकान मांडले. गिऱ्हाईक आपल्या घराची मापे आणायचे, डोक्याला हेल्मेट आणि हातात तारांचा मोजा चढवायचे आणि आपल्या न झालेल्या स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडून, नळाकडे हात नेऊन बघायचे. चित्र अगदी ओबडधोबड होते. पण कपाटाचे दार उघडल्यावर ते अंगावर येते की नाही, हे कळायला सुंदर चित्र लागतच नाही.

यंत्रांच्या दुनियेत कॅटरपिलरचे उदाहरण महत्त्वाचे. आपल्याकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात, त्या प्रकारच्या यंत्रांच्या चालकाला बसल्या जागेवरून पुढचे बकेट आणि त्याच्या कडा किती दिसतात, हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. १९९० च्या दशकात या कंपनीने इलिनॉय विद्यापीठातील संगणक केंद्राबरोबर एक खोली उभारली. तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर आभासी दृश्य पडे, मध्ये खरे आसन, खरे स्टिअरिंग, खरी पेडल. चालक बसून 'काम' करायचा आणि कुठला खांब नजर अडवतो ते सांगायचा. आधी यासाठी लोखंडाचे आख्खे प्रतिरूप घडवावे लागे आणि प्रत्येक बदलाला महिने लागत. या खोलीत खांब दोन इंच सरकवणे हे थोड्या वेळाचे काम झाले.

मोटारींपासून रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहापर्यंत आता ही पद्धत पसरली आहे. उपकरण महाग होते तोवर ते मोठ्या कंपन्यांपुरते होते. २०१२ नंतर चित्र पालटले आणि २०१९ पासून संगणकाला न जोडता चालणारे हेडसेट चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळू लागले. घराचे त्रिमितीय प्रतिरूप बनवणारे ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर तर फुकट आहे. लातूरच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दोन खोल्यांच्या घराचे असे प्रतिरूप करणे मुळीच अवघड नाही.

'लई भारी' हे उत्तर नव्हे

उपकरण आणले म्हणजे चाचणी झाली असे नाही. पहिल्यांदा हेडसेट लावलेला माणूस भारावून जातो. त्याला विचारले 'कसे वाटले घर?' तर तो 'लई भारी' असेच म्हणणार. ते कौतुक घराचे नसून यंत्राचे असते. म्हणून चाचणीचा पहिला नियम असा, की आवडले का हे विचारायचेच नाही. काम सांगायचे आणि बघत राहायचे.

दाराशी या, चप्पल काढा. पाण्याची घागर घेऊन आत जा, ती कुठे ठेवाल? चुलीपुढे किंवा शेगडीपुढे बसा, भाकरी थापायला परात मांडा, तिथून दार दिसते का? रात्री म्हाताऱ्या सासऱ्यांना न्हाणीकडे जायचे आहे, त्यांच्या बाजेपासून वाट कुठून? दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची पंधरा पोती आली, थप्पी कुठे लावाल? पाहुणे बाहेर बसले आहेत आणि सुनेला मागच्या दाराने जायचे आहे, जाता येते का? माणूस थबकतो, मागे वळतो, हात पुढे करून चाचपतो, 'इथं कसं जमायचं' म्हणतो. चाचणीतून मिळवायचे ते हेच. आराखडा करणाऱ्याने अशा वेळी तोंड बंद ठेवणे सर्वांत कठीण जाते. तो लगेच समजावू लागतो की पोती तिकडे ठेवता येतील. नंतर प्रत्यक्ष घरात समजावायला तो नसणार, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

किती माणसांवर पाहावे? याचे एक उत्तर १९९३ मध्येच मिळाले होते. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी संगणकप्रणालींच्या चाचण्यांचे आकडे तपासून दाखवले, की एक वापरकर्ता सरासरी सुमारे ३१ टक्के अडचणी उघड करतो. पुढच्या माणसाच्या अडचणींतल्या काही त्याच असतात, काही नव्या. हिशेब केला तर पाचव्या माणसापर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी समोर आलेल्या असतात. हजारोंच्या सर्वेक्षणापेक्षा पाच माणसांची शांत पाहणी अधिक उपयोगी ठरते ती यामुळे. पण या हिशेबाला एक अट आहे, ती नेहमी विसरली जाते. ती पाच माणसे एकाच प्रकारची हवीत. सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, ठेकेदार आणि शिक्षक हे पाच जण घरात फिरून आले, तर चुलीची अडचण कोणालाच दिसणार नाही. घरातल्या बाया, थकलेली माणसे, जनावरे असलेले कुटुंब, भूमिहीन कुटुंब असे गट वेगळे धरावे लागतात.

आणि बाईला हेडसेट कुठे लावायचा हाही साधा प्रश्न नाही. भर ग्रामसभेत, पुरुषांच्या घोळक्यात डोळे झाकून हात चाचपडत फिरायला ती तयार होणार नाही, आणि झाली तरी मोकळेपणाने वागणार नाही. अंगणवाडीत, चार ओळखीच्या बायकांमध्ये ते सोपे जाते. भूकंपानंतर जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती करण्याचे काम ज्या गावांत झाले, तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायकांनाच संवाद साहाय्यक म्हणून उभे केले होते. त्याचा या भागाला अनुभव आहे. पदर आणि अंबाडा सांभाळून पट्टा कसा बसवायचा, फेटेवाल्या आजोबांचे काय करायचे, या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या वाटतात. पण त्या आधी ठरवल्या नाहीत तर नेमके तेच लोक चाचणीतून गळतात.

डोळ्यांना दिसते, अंगाला नाही

आता या तंत्राच्या उणिवा. पहिली, अंतराची. हेडसेटमध्ये लोकांना अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात, हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. जुन्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा अंदाज सरासरी खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास भरला. नव्या उपकरणांत फरक कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. म्हणजे फक्कीसारखीच गत, खोली लहान वाटू शकते. यावर उपाय सोपा आहे. चाचणीआधी त्या माणसाला त्याचे आताचे घर किंवा अंगणवाडीची ओळखीची खोली हेडसेटमध्ये दाखवावी आणि नव्या घराची तुलना तिच्याशी करायला सांगावी. आकडा विचारू नये, 'यापेक्षा मोठी की लहान' एवढेच विचारावे.

दुसरी उणीव मोठी. हेडसेटमध्ये मे महिना नसतो. स्लॅबखालची दुपारची काहिली, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, चुलीचा धूर, शेणाचा वास, यातले काही कळत नाही. घागर भरलेली नसते, पोते उचलावे लागत नाही. पायरी दिसते पण पाय ठेवायला काही नसते. गुडघे दुखणाऱ्या बाईला उंच उंबरठा त्रासदायक होईल की नाही, हे आभासी उंबरठ्यावरून ठरवता येत नाही. म्हणून अनुभवी मंडळी मिश्र पद्धत वापरतात. भिंती आभासी, पण उंबरठ्याच्या जागी खरी वीट, ओट्याच्या जागी खरे टेबल. दिसते तिथेच हाताला लागते, आणि मग चूक पकडता येते. उष्णतेसाठी तर व्हीआरचा उपयोगच नाही, त्याला गणित किंवा शेजारचे तसेच बांधलेले घर हवे.

तिसरी गोष्ट प्रकृतीची, आणि या सदरात ती सोडून चालणार नाही. डोळे सांगतात 'चाललो आहोत', कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते 'उभेच आहोत'. या विसंगतीने काहींना मळमळते, घाम येतो, डोके जड होते. एसटीत मागच्या बाकावर बसून घाटात होते तसेच, फक्त कारण उलटे. एसटीत शरीर हलते आणि डोळ्यांपुढचे बाक स्थिर असते. बटण दाबून आभासी घरात सरकणे सर्वांत वाईट, स्वतःच्या पायांनी चालणे सर्वांत सुसह्य. त्यामुळे खऱ्या मापाची मोकळी जागा हवी. २५ चौरस मीटरचे घर असेल तर शाळेचा हॉल किंवा समाजमंदिर पुरते. मोबाइल पुठ्ठ्याच्या डब्यात घालून करायचा स्वस्त प्रकार डोके वळवलेले ओळखतो, पाऊल टाकलेले नाही. तो चित्र दाखवायला ठीक आहे, घर तपासायला नाही.

बायकांना हा त्रास अधिक होतो, असे वर्षानुवर्षे म्हटले जात होते. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचे एक मुख्य कारण सापडले. दोन बुबुळांमधले अंतर बायकांमध्ये सरासरी थोडे कमी असते आणि अनेक हेडसेट तेवढे जवळ आणताच येत नव्हते. भिंग डोळ्यांसमोर नीट बसले की फरक बराच कमी झाला. वस्तू तपासायचे उपकरण स्वतःच अर्ध्या जगावर तपासलेले नव्हते, हा विनोद कोणी मुद्दाम केला असता तरी इतका जमला नसता. खरेदी करताना भिंगांतील अंतर बदलता येते का, हे पाहणे म्हणून आवश्यक.

बाकी पथ्ये सोपी आहेत. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. मळमळ सुरू होताच थांबायचे, 'थोडे सहन करा' म्हणायचे नाही. अपस्मार म्हणजे फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे टाळावे. चाचणी झाल्यावर लगेच दुचाकीवर बसवून पाठवू नये, पाच-दहा मिनिटे बसवावे, चहा पाजावा. हेडसेटची गादी प्रत्येक माणसानंतर पुसायची. डोळे आलेल्या माणसाला तो लावायचाच नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तशा दिवसांत चाचणीच पुढे ढकललेली बरी. अर्धा किलो वजन मानेवर येते, तेव्हा मानेचा विकार असलेल्यांनाही आग्रह नको.

डबा आणि घरकुल

औशापासून वीसेक किलोमीटरवर लातूर आहे आणि लातूरला लागून हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे कोच कारखाना. ३१ मार्च २०१८ ला त्याचे भूमिपूजन झाले, २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. आता भारतीय आणि रशियन भागीदारीतून वंदे भारत शयनयान गाड्यांचे डबे तिथे बांधायचे आहेत. मूळ करार १२० गाड्यांचा, म्हणजे १,९२० डब्यांचा. करार झाल्यानंतरही एका डब्यात स्वच्छतागृहे किती, सामान कुठे, स्वयंपाकाची सोय कशी, यावर बराच काळ चर्चा चालू राहिली आणि ती बातम्यांतही आली. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. एक चूक १,९२० वेळा बांधली जाते. रेल्वेचे डबे बनवणारे म्हणूनच खऱ्या मापाचा नमुना डबा आधी उभा करतात, आणि त्याही आधी आभासी डब्यात लोकांना फिरवण्याची सोय आज आहे. साठीच्या बाईला वरच्या बर्थवर चढता येते का, यासाठी मात्र खरी शिडी ठेवावी लागेल. पण बॅगा घेऊन दोघे समोरासमोर आले तर वाट कशी काढतात, रात्रीच्या मंद दिव्यात स्वच्छतागृहाचे दार ओळखू येते का, पडदा ओढल्यावर खिडकीकडच्या म्हाताऱ्याची काय गत होते, हे हेडसेटमध्ये चांगले कळते.

डबा निदान अनेकांच्या नजरेखालून जातो. घरकुलाचे तसे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भूकंपानंतर भूमिहीनांना दिलेल्या २५० फुटांच्या घराच्या जवळपासच. सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मिळते, ते हप्त्याहप्त्याने. या पैशात चूक दुरुस्त करायला काही उरत नाही. पुनर्वसनाच्या घरांपेक्षा इथे एक मोठी सुधारणा आहे. घर लाभार्थी स्वतः बांधतो, आराखडा त्याला बदलता येतो. २०१६ च्या सुमारास केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने राज्याराज्यांच्या हवामानाला आणि साहित्याला जुळणाऱ्या घरांचे नमुनेही 'पहल' नावाने एकत्र केले. आपल्या राज्यात महाआवास अभियानात पंचायत समितीच्या आवारात नमुना घरे बांधण्यावर भर दिला गेला. कल्पना चांगलीच आहे. खरे घर, खरी ऊब, खरा उंबरठा. त्रुटी एवढीच की ते एकच असते, त्याची भिंत सरकवता येत नाही, आणि ज्या बाईला त्यात राहायचे असते ती तालुक्याच्या आवारात क्वचितच पोहोचते.

नमुना घर आणि हेडसेट एकमेकांच्या जागी येत नाहीत, एकामागोमाग येतात. आधी चार-पाच वेगवेगळे आराखडे आभासी रूपात, वाडी-तांड्यावर नेऊन दाखवायचे. दार पूर्वेला केले तर, न्हाणी मागे नेली तर, ओटा चार फूट पुढे काढला तर असे बदल तिथल्या तिथे करता येतात. त्यातून जे दोन टिकतील ते विटांत बांधायचे. महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, एक लॅपटॉप, एक-दोन हेडसेट, शाळेचा हॉल आणि एक दिवस एवढ्यात एका गावातले दहा-बारा जण आरामात फिरून येतात. प्रत्येकी एक पान पुरते. काय काम सांगितले, कुठे थबकले, काय म्हणाले, काय हलवायला सांगितले.

त्या पानावर एक रकाना आणखी हवा. पुढे काय जोडणार? मुलाचे लग्न झाल्यावर खोली कुठे, शेळ्यांची शेड कोणत्या बाजूला, जिना कधी निघाला तर कुठून. घर वाढणार हे नक्की आहे, आणि ते कुठल्या बाजूने वाढणार हे घरातल्यांना आधीच ठाऊक असते. आभासी घरात ती शेड जोडून दाखवायला दोन मिनिटे लागतात. मग त्या बाजूची जोत्याची पट्टी आणि कोपऱ्यातल्या सळ्या पहिल्यापासून तशा सोडता येतात, आणि दहा वर्षांनी येणारी भिंतही मातीत रचलेल्या दगडांऐवजी त्या सळ्यांना बांधता येते. हे पाया खणण्याआधी, पहिल्या हप्त्याच्या वेळीच ठरवावे लागते.